नावांची कमिटी

१९७९ च्या उन्हाळ्यात मी कतारमध्ये, उम्म सईदच्या साइटवर टाइमकीपर होतो. कंपनी इंग्रजांची. गोऱ्या स्टाफच्या हेल्मेटवर त्यांची नावं रंगवलेली असत. आम्ही बाकीचे दीडशे जण, म्हणजे हिंदी, पाकिस्तानी, सुदानी, यांच्या हेल्मेटवर नुसते नंबर. माझ्या रजिस्टरातही मी नंबरच लिहायचो. पुण्याहून आलेला बी.कॉम. झालेला मी, गुरुप्रसाद. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं, हे कबूल करतो.

एकशे अठरा म्हणजे धोंडीराम. खटाव तालुक्यातला चाळिशीचा वेल्डर, हात असा की त्याच्या वेल्डिंगची शिवण तपासायला इन्स्पेक्टर थांबतसुद्धा नसे. एके दिवशी तो शेडमध्ये काम करत होता, तिथं हेल्मेट लागत नसे. रत्नागिरीकडचा फिटर नसरुद्दीन याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, म्हणून धोंडीरामनं आपलं हेल्मेट त्याला दिलं. भर दुपारी नसरुद्दीन परांचीवरून खाली पडला आणि बेशुद्ध झाला. फोरमननं वायरलेसवर नंबर सांगितला, "वन वन एट." मी भरतीची यादी उघडून त्या नंबरचं नाव आणि घरचा पत्ता दिला. मॅनेजर प्रिचर्डसाहेबांनी सही केली आणि तार गेली : धोंडीराम गंभीर जखमी.

संध्याकाळी मेसच्या रांगेत धोंडीराम ताट घेऊन माझ्यापुढे उभा.

"काय ओ सायेब," तो म्हणाला, "भूत बघितल्यागत काय बघताय?"

चूक दुरुस्त करणारी दुसरी तार आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठवली. पण पहिली दोन दिवसांत पोचली होती, दुसरीला पाच लागले. आणि नसरुद्दीनच्या बायकोला, जैतूनला, नवऱ्याच्या मांडीचं ऑपरेशन झाल्याचं कळलं तेव्हा त्याचे टाके काढायची वेळ आली होती.

महिन्याभरानं धोंडीरामच्या बायकोचं पत्र आलं. ते त्यानं मेसमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचलं. सत्यभामानं लिहिलं होतं, "चार दिवस रोज सकाळी कुंकवाचा करंडा हातात घेऊन बसत होते. लावावं का नको, कळत नव्हतं. तारेत नाव बरोबर, गाव बरोबर, माणूस तेवढा दुसरा. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही काय?"

मी ते हिंदीत सांगितलं. मग क्रेन चालवणारा कराचीचा शफीक म्हणाला, "ये खत मेरे घर से भी आ सकता था."

धोंडीरामनं पत्राची घडी घातली. "सायेब, गोऱ्यांचा क्लब हाय. आपल्याला एकत्र बसून बोलायला काय हाय? आपण आपलं मंडळ काढायचं. तुम्ही अर्ज लिवा."

मी घाबरलो. तिथं युनियनला बंदी होती आणि तसा नुसता संशय आला तरी पुढच्या विमानानं घरी धाडत. "भाऊ, अर्जावर सही कोण करणार?" मी विचारलं.

"मी करतो की. मला लिवता येतंय."

त्याच्या सहीखाली मग मीही सही केली. धाडसानं नव्हे, लाज वाटून.

प्रिचर्डसाहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "युनियन?"

"नो सर. वेल्फेअर कमिटी," मी म्हणालो. पुढे काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो.

धोंडीराम पुढे झाला. त्यानं बायकोचं पत्र टेबलावर ठेवलं. त्याचं इंग्रजी साइटवर शिकलेलं, मोडकं. पण आवाज जराही कापत नव्हता. "सर, माय वाइफ लेटर. फोर डेज शी थिंक आय डेड. सर, आय वेल्ड युवर पाइप, नो लीक. माय नेम धोंडीराम. नॉट वन वन एट."

मी पत्राचं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. कुंकवाचा अर्थही समजावून सांगितला. साहेबांनी पत्र उचलून ती न कळणारी अक्षरं पाहिली. "ती तार मी पाठवली होती," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

आम्ही तीन गोष्टी मागितल्या. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मेसमध्ये एकत्र बसायची परवानगी, हेल्मेटवर नावं, आणि घरी तार जाण्याआधी जखमी माणूस कोण हे आमच्यापैकी एकानं डोळ्यांनी पाहावं. त्यांनी सहा महिन्यांच्या बोलीवर तिन्ही मान्य केल्या.

पहिल्या शुक्रवारी सकाळी नमाजाआधी दीडशे माणसं धुतलेले कपडे घालून माझ्या टेबलापुढे रांगेत उभी राहिली. मी नवीन रजिस्टर आणलं होतं. नाव, बापाचं नाव, गाव, काही झालं तर कुणाला कळवायचं. रोज माना खाली घालून नंबर सांगणारी माणसं त्या दिवशी छाती काढून बोलत होती. एका सुदानी मेकॅनिकनं आजोबा-पणजोबांसकट सात नावं सांगितली आणि सगळी लिहून होईपर्यंत तो हलला नाही. मी हसलो नाही. सातही लिहिली.

हेल्मेटं आम्ही शेडमध्येच रंगवली. ज्याच्या त्याच्या लिपीत नाव, खाली इंग्रजीत. फोरमननं पहिल्या दिवशी नाक मुरडलं; पंधरा दिवसांत तोच नावानं हाका मारायला लागला, चुकीच्या उच्चारानं का होईना. नसरुद्दीन कुबड्या घेऊन हॉस्पिटलमधून परत आला, तेव्हा आम्ही त्याला एकमतानं अध्यक्ष केलं. "पडल्याचा ह्यो फायदा झाला म्हणायचा," तो म्हणाला आणि मेसभर हशा पिकला.

सहा महिने संपले तेव्हा कमिटी बंद करा असं कुणी म्हणालं नाही. उलट कामं वाढली. सुरक्षेचे नियम तोवर फक्त इंग्रजीत सांगत. शफीकनं ते उर्दूत केले, मी हिंदीत, आणि हिवाळ्यात साहेबांनी हुकूम काढला, की सकाळचा सुरक्षेचा तास आठवड्यातून एकदा कमिटीनं घ्यावा.

पहिला तास धोंडीरामनं घेतला. लाकडी खोक्यावर उभा राहून त्यानं परांचीची प्रत्येक गाठ, प्रत्येक फळी कशी तपासायची ते हातानं करून दाखवलं. समोर सगळी साइट उभी होती. गोरे इंजिनियरही होते आणि मी त्यांच्यासाठी इंग्रजीत सांगत होतो. एका तरुण इंग्रज इंजिनियरनं हात वर करून विचारलं, ओल्या दोराचं काय? धोंडीरामनं प्रश्न नीट ऐकून घेतला, त्याला पुढे बोलावलं, दोर पाण्यात बुडवून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "ओढून बघा, सायेब. म्हंजे कळंल."

धोंडीराम सांगेल तसा तो इंजिनियर दोर ओढत राहिला आणि दीडशे माणसं ताठ उभी राहून बघत होती.