सात गांडुळं

गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते कातडीनं श्वास घेतं.

नवी पेठेतल्या एका दुकानात रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या मिळायच्या. लोणच्यासाठी म्हणून. कॉलेज नमुने ठेवायला त्याच घ्यायचं.

तानाबाईनं नवऱ्याला, धुळाप्पाला, मिक्सरवर मोहरी वाटायला बंदी केली. शेंगाचटणीला मोहरीचा वास यायला लागला होता.

शेतात तीन रात्री मेंढरं बसवली की शेताचा मालक धनगराला ज्वारी देतो. मातीला काय मिळालं, ते कुणी विचारत नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेचा ई-मेल: बाटली क्रमांक ४१. डीएनए मिळाला नाही.

"तिसऱ्यांदा," उत्कर्षा म्हणाली. ती स्क्रीनकडेच बघत होती. "सातातली सहा संपली, मामा. एकच राहिलं."

धुळाप्पा टेबल पुसत होता. सोलापूरच्या या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तो एकोणतीस वर्षं परिचर होता. पीएचडी करणारी कितीतरी पोरं आली आणि गेली. एक्केचाळीस नंबरच्या मागं लागलेली ही पहिलीच. बाटली कॉलेजची, पण त्यातली सात गांडुळं त्याची. अक्कलकोटच्या पुढं भावाच्या शेतात, जिथं त्याच्या बापाची मेंढरं बसायची, तिथं त्यानं मोहरीचं पाणी ओतलं होतं आणि ती पोळल्यासारखी वर आली होती. जुन्या सरांनी भिंगाखाली धरून म्हटलं होतं, "धुळाप्पा, असलं गांडूळ मी पाहिलेलं नाही. ही जात वेगळी असणार."

सर वारले. वेगळेपण सिद्ध करायचं राहून गेलं. आता त्यासाठी डीएनएचा पुरावा लागतो, हे उत्कर्षानं त्याला समजावलं होतं. आपल्या मेंढरांच्या मातीतली ही जात जगात दुसरीकडं नाही, असं छापलेलं त्याला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

"माझाच काहीतरी घोळ होतोय," उत्कर्षा म्हणाली. "बाकीच्या बाटल्यांचं नीट आलं. ही कुणी उघडली होती का हो?"

"मीच की!" धुळाप्पा खुशीत आला. "लॉकडाउनात. झाकण तडकलं हुतं, अल्कोहोल उडून पार तळाला गेलतं. अजून दोन दिस गेले असते तर सुकून वात झाली असती सगळी. अल्कोहोलची किल्ली हेडसरांकडं, आन ते नांदेडात अडकलेले. मग म्या फॉर्मलीन भरलं. काठोकाठ."

उत्कर्षा खुर्चीतल्या खुर्चीत वळली.

"त्यो बेडूक बघा की," त्यानं कपाटाकडं हात केला. "मी लागलो तवापासनं फॉर्मलीनमदी हाय. उद्या सोडला तर उडी मारंल."

ती हसली नाही.

"काय चुकलं व्हय, मॅडम?"

"बेडूक बाहेरून टिकतो, मामा." ती जपून बोलत होती. "आतला डीएनए फॉर्मलीननं तुटतो. आकार तेवढा राहतो. आम्हाला वाचायचं असतं ते राहत नाही."

"काहीच?"

उत्कर्षानं नकारार्थी मान हलवली.

हातातलं फडकं कोरडं होतं, तरी धुळाप्पा ते पिळत राहिला. "ह्या बाटल्यांत अल्कोहोलच का, ते न्हाय कुणी सांगितलं. 'भर' म्हणायचे, भरायचो."

"तुमची चूक नाही."

"हात तर माजेच हायत की."

रविवारी दोघं एसटीनं गावाला गेली. मोहरी त्यानं पाट्यावर वाटली होती. पुतण्या सिद्धराम बांधावरच भेटला.

"सोलापुरातली गांडुळं सपली व्हय, काका? मॅडमला एवढ्या उनात आणलंय ते."

"तू गप. पाणी आण."

धुळाप्पानं हातभर चौकोन आखला, पालापाचोळा सारला आणि पिवळं पाणी सावकाश ओतलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग माती हलली. एक वर आलं. मग चार. मग मोजता येईनात.

"आली! मॅडम, आली बगा!" तो गुडघ्यांवर बसला.

उत्कर्षानं एक तळहातावर घेतलं. ते तांबूस होतं, निळसर चमकत होतं, जागेवर ठरत नव्हतं. तिनं भिंग लावलं. भिंग खाली घ्यायला तिला फार वेळ लागला.

"ही ती नाहीत, मामा. ही खताची. आफ्रिकेतून आणलेली जात."

"मीच सोडल्यात की," सिद्धराम म्हणाला. "पाच पोती. लई भारी हायत, डाळिंब बगा कसं आलंय! मेंढरं कोन बसवतंय आता?"

दिवस कलेपर्यंत त्यांनी आणखी सहा ठिकाणी पाहिलं. चौथ्या जागेवर मोहरी संपली, तेव्हा धुळाप्पानं नखांनी माती उकरली. सगळीकडं तीच, तांबूस, चपळ, भरपूर.

"पावसाळ्यात परत येऊ," उत्कर्षा म्हणाली. तिला पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी तिनं नोंदवहीत लिहिलं: क्रमांक ४१. शिल्लक नमुने, एक. जात अनिश्चित. धुळाप्पानं ते बोट ठेवून वाचलं. मग बाटली पुसली आणि चिठ्ठी समोर येईल अशी फळीवर ठेवली.

२०२० च्या एप्रिलात, शहर बंद असताना, धुळाप्पा बाटल्या बघायला एकवीस दिवस घरापासून कॉलेजपर्यंत पायी गेला, जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.