बिनमांसाची रास

आमच्याकडे दगडांची रास दिसली की आत मांस असतं. शिकार जास्त झाली की माणूस ती दगडांखाली ठेवून पुढं जातो. अडल्यानडल्यानं रास उघडावी, पोटापुरतं घ्यावं, दगड परत रचावेत आणि मालक भेटला की तोंडानं सांगावं. घेणं ही चोरी नाही. न सांगणं मात्र चोरी.

त्या वर्षी समुद्रावरचा बर्फ फुटायच्या आधी आम्ही असेच अडलो. मी, बायको पाडलुक, तिचा भाऊ नुतारक आणि आमची चार वर्षांची अवियाक. सील मिळत नव्हते, स्लेज ओढणारी कुत्रीही खाऊन संपली होती. पोरीनं रडणं सोडलं होतं, त्याचीच मला जास्त धास्ती. अशात बेटाच्या टेकाडावर पुरुषभर उंचीची रास दिसली.

"दाजी, कुणी अख्खा वॉलरस पुरलाय की काय!" नुतारक ओरडला.

दगड गोठून एकमेकांना चिकटलेले. दिवसभर आम्ही उरलंसुरलं बळ त्यांवर घातलं. आत निघाला पत्र्याचा डबा, आणि डब्यात एक कागद.

नुतारक हसत सुटला. "घ्या दाजी, नीट चावून खा," म्हणाला आणि मटकन खाली बसला. कागद शेवाळ पेटवण्यात गेला. डब्यात जुन्या बुटाचं कातडं उकळून पोरीला पाजलं, तर तिला ते गिळवेना.

दुसऱ्या दिवशी अवियाक गेली. तिसऱ्या दिवशी सील मिळाला. तो दिवस दगडांत न घालवता मी बर्फात सील श्वास घ्यायला येतात त्या भोकाशी बसलो असतो तर? हे अजूनही मला एका जागी बसू देत नाही.

उन्हाळ्यात जहाज आलं. नकाशे काढणारा साहेब तोच, रास रचून गेलेला, असं त्याच्या दुभाष्यानं सांगितलं.

"दाजी, गप्प राहा. उचलून नेईल तुम्हाला," नुतारक म्हणाला.

"मालकाला सांगायला नको?"

"हा कसला मालक! आत दातांत अडकेल एवढंही ठेवलं नव्हतं."

तरी मी गेलो. दुभाष्याला म्हटलं, "सांग त्याला, रास मी उघडली. कागद जाळला."

साहेब लालबुंद झाला. त्या कागदानं बेट त्याच्या राजाचं झालं होतं म्हणे.

"मग विचार त्याला, आत मांस ठेवायचं नव्हतं तर रास कशाला रचली? माझी पोर गेली."

दुभाषा बराच वेळ बोलला. साहेबानं टोपी काढली. मग नवा कागद लिहून नव्या डब्यात घातला आणि मलाच रास रचायला सांगितलं.

"रचतो. पण खाली मांस ठेवणार."

"अस्वलं मोडतील."

"मी रचलेली अस्वलाला मोडवत नाही."

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी मी तिथं सील ठेवून येतो. निघायचे दिवस आले की मला झोप लागत नाही, जेवण जात नाही. "राजाचे आचारी निघाले," असं नुतारक चिडवतो, आणि होडी भरायला तोच आधी येतो.

गेल्या खेपेला दगड काढले. मांस नव्हतं. डब्याला कुणी हात लावला नव्हता, आणि दगड परत नीट रचलेले होते. मी तिथंच बसून मोठ्यानं रडलो.

घेणारा अजून सांगायला आलेला नाही. मी वाट पाहतोय. त्याच्याबरोबर पोर होतं का, एवढंच मला विचारायचंय.