पाइपातली बाळंतीण

बर्फाच्या कारखान्यात साठवलेली मासळी कोण पळवतं, यावरून कामगारांची आपसांत जुंपली होती. शेवटी मालक वैतागून म्हणाले, "मागचा जुना पाइप दोन्हीकडून बुजवा. घुशी तिथूनच येतात."

दुरुस्तीचं काम ताईंकडे. त्यांनी सकाळीच गवंड्याला सिमेंट कालवायला सांगितलं आणि खाडीच्या उतारावर जाऊन त्या पाइपाच्या तोंडाशी वाकल्या.

आत काहीतरी चिवचिवलं.

घूस अशी ओरडत नाही! ताईंनी बॅटरीचा झोत आत टाकला. ओल्या पाल्यावर दोन तपकिरी पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. मिशाळ तोंडं, काळेभोर डोळे. पाऊल न वाजवता त्या मागे सरल्या आणि त्यांनी नणंदेला फोन लावला. ती लग्नांचे फोटो काढायची.

"कॅमेरा घे आणि असशील तशी ये!"

"वहिनी, काय झालं? कोणी पडलं का?"

"पडलं नाही गं, जन्मलंय! पाइपात पाणमांजराची पिल्लं आहेत!"

नणंद आली ती डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून. दोघी रिकाम्या क्रेटांमागे दबा धरून बसल्या. थोड्या वेळानं पाणी हललं, एक चपटं डोकं वर आलं, तोंडात मासा. आई उतार चढली, अंग झटकलं, शीळ घातली, तशी पिल्लं धडपडत बाहेर!

"अगं बाई, अगं बाई," नणंदेच्या तोंडून दुसरा शब्द निघेना.

"काम का थांबलंय?" मागून मालकांचा आवाज आला.

आई पिल्लांसकट आत गडप झाली.

"पाइपात बाळंतीण आहे," ताई म्हणाल्या आणि नणंदेनं नुकताच टिपलेला फोटो त्यांनी कॅमेऱ्यासकट पुढे धरला.

मालकांचा चेहरा उतरला. "वनखात्याला कळलं तर कारखान्याला कुलूप लागेल. बुजवून टाका, बोभाटा नको."

ताईंचं डोकं सणकलं. "जिवंत पिल्लांना मी कोंडणार नाही. दुसरं माणूस बघा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कारखान्यातलं तोंड तेवढं बंद करते. मासळी वाचेल आणि त्यांचं घरही. वनखात्याला फोन मीच करते. लपवलंत तर मात्र खरंच अंगाशी येईल."

मालक काही बोलणार, तोच आई पुन्हा बाहेर आली. पिल्लाची मानगूट तोंडात धरून तिनं त्याला सरळ पाण्यात बुचकळलं. पिल्लू किंचाळलं, बुडालं, वर आलं आणि हातपाय मारायला लागलं.

"पोहायला शिकवतेय?" मालकांनी विचारलं.

"हळू बोला हो!" नणंद त्यांच्यावर खेकसली.

आणि मालक इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात बसले.

फोनवर वनखात्याच्या बाईंनी आधी पाइपाचं आतलं टोक रिकामं आहे का ते पाहायला सांगितलं. ताईंनी पाहिलं. गवंडी कासावीस झाला होता. "माल सुकतोय! कुठलं तोंड बुजवू?"

"आतलं," मालक कुजबुजले, "आणि थापी आपटू नकोस."

दुपारी बाई स्वतः आल्या आणि ट्रक उतारापासून लांब लावायला सांगून गेल्या. मासळी हरवायची थांबली. कामगारांची भांडणं आता दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायची: आज आधी कोणाला दिसली!

पावसाळ्याआधी एका सकाळी आई पुढे आणि पिल्लं मागे, अशी तिघं खाडी ओलांडून पलीकडच्या खारफुटीत शिरली. नणंद फोटो काढायचं विसरली. तिनं ताईंना घट्ट मिठी मारली आणि दोघी तिथंच उड्या मारायला लागल्या.