आजोबांच्या डोक्यावरचं तेज

भांडुपच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो बिस्किटांचा जुना डबा मांडीवर घेऊन बसलेला, आणि डब्यात घरातल्या फोटोंच्या निगेटिव्ह. समोर गुणाजी महाराजांचं यंत्र: दांड्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, त्याखाली आतून उजळलेली दुधी काच. काचेवर निगेटिव्हची पट्टी ठेवली की गेलेली माणसं शेजारच्या टीव्हीवर लख्ख उमटत. आणि ज्याचा आत्मा घरात अडकलाय, त्याच्या डोक्यावर पांढरं तेज!

"आले! धोंडूआजोबा आले!" महाराज ओरडले. टीव्हीवर दीप्तीचे सासरे गिरणीच्या गेटसमोर उभे, डोक्यावर तेजाचा गोळा. अख्ख्या हॉलने हात जोडले.

"नातीला फिट येतात त्या यांच्यामुळेच. एकवीस दिवस डॉक्टरच्या गोळ्या बंद! गोळीने पितर कोंडतात."

"आजपासून बंद गो, दीप्ती," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "महाराज सांगतत ता खराच."

दीप्तीने सहा वर्षांच्या लेकीला, गार्गीला, जवळ ओढलं. एकदा, एकदाच, गोळी चुकली होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर झटक्यांनी तडफडणारं ते पोर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तेव्हापासून तिला सगळ्यावर नजर ठेवायची सवयच लागलेली. म्हणून तर तिने पाहिलं होतं: यंत्राची पूजा करताना महाराजांनी तेलात कालवलेला काळा बुक्का काडीने काचेला लावला होता, मोहरीएवढा. आणि प्रत्येक पट्टी ते हळूच सरकवत होते, तेज नेमकं डोक्यावर येईपर्यंत.

ती उठली. "महाराज, पट्टी उलटी ठेवा ना."

"पितरांना उलटं टांगायचं? कोपतील, ताई!"

"कोपू देत. माझ्या घरचे आहेत, मी बघून घेईन."

तिने स्वतःच पट्टी फिरवली. सासरे खाली डोकं वर पाय झाले. तेज मात्र जागचं हललं नाही. ते आता त्यांच्या चपलेवर होतं.

"अगं बाई, आत्मा पायात उतरला की!" मागून शेजारची शकुमावशी म्हणाली. हॉल खदखदून हसला.

"ऊर्जा फिरते..." महाराज पुटपुटले.

दीप्तीने पट्टी उचलली, ओढणीने काच खसाखसा पुसली, पट्टी सुलट ठेवली. तेज गायब! ओढणीवर काळा डाग.

"निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं असतं," ती सगळ्यांकडे वळली. "ते सुलटं करताना यंत्र काळ्याचं पांढरं करतं. मग काचेवरचा काळा बुक्काही पांढराच दिसणार. हेच ते तेज!"

"नास्तिक बाई! पोरीला काही झालं तर?" महाराज कडाडले.

"होऊ नये म्हणूनच ही गोळी." संध्याकाळच्या गोळीची वेळ झालीच होती. तिने पर्समधून पाकीट काढलं, सगळ्यांदेखत.

सासूबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. तेजाशिवायचा नवरा, साधा, दमलेला. मग त्यांनीच पाण्याची बाटली उघडली. "घे गो बाय. तुझो आजो रागवाचो नाय."

गार्गीने गोळी गिळली.

"फोटो घरी न्या, जपा," दीप्ती म्हणाली. "माणसं आपलीच आहेत. पण कुणी औषध बंद करा म्हणालं, तर आधी त्याची काच पुसून बघा."