डिकीत बसलेले गणपतराव

हॅलो हॅलो करू नका, कोणाचा कॉल नाहीये. मी मोबाईलच बोलतोय! घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या श्रेयाचा मोबाईल. वय वर्षं पाच, म्हणजे आमच्यात पेन्शनीतच.

जन्म कुठल्यातरी फॅक्टरीत झाला, पण मला आठवतं ते लालबागच्या दुकानापासून. श्रेयाने मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी जिन्यात आपटलं. कोपऱ्याला तडा गेला तो गेलाच. पण पोरगी दिलाची चांगली. नाद एकच, गाड्यांचा! रोज स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ. गुरगुरून गुरगुरून माझा स्पीकर पार बसलाय.

सोबत बघायला तिचे आजोबा, गणपतराव. चिंचपोकळीच्या गॅरेजात आख्खा जन्म मेकॅनिक. करोडोंची लाल गाडी फटफट करत सुटली की श्रेया किंचाळते, "आजोबा, ऐक ना, काय आवाज आहे!" आजोबा शांतपणे म्हणतात, "मिसफायर मारतेय गो. प्लग साफ करूक सांग तेका." मला हसून हसून हँग व्हायला होतं.

पण या माणसाचं एक दुखणं होतं. तरुणपणी त्यांनी एका शेटची जुनी दोन सीटची गाडी दुरुस्त केली. शेट खूश! ट्रायलला घेऊन गेला. पुढे शेट-शेटाणी, आणि हे? "डिकीत बसून गिरगाव चौपाटीपर्यंत गेलो, हवा खात!" असं ते लग्नापासून सांगत आलेत.

आता डिकी म्हणजे काय? बॅगा कोंबायची जागा. त्यात कसली हवा? सगळी चाळ हसायची. खाली टॅक्सी आली की शेजारचे जगदीशकाका ओरडणार, "काय गणपतराव, पुढे बसताय की डिकीत?" कौसल्याआजी तर म्हणायची, "माझ्या माहेरच्यांसमोर तरी ही थाप मारू नका हो." आजोबा हसून दाखवायचे. पण मी जवळून बघितलंय ना, नंतर ते उगाच चष्मा पुसत बसायचे.

गेल्या रविवारी दुपारी एक व्हिडिओ संपला आणि मी आपला आपणच पुढचा लावला. जुन्या गाड्यांची रॅली. एक हिरवी टू-सीटर थांबली. मालक मागे गेला, हँडल फिरवलं, आणि डिकी उघडली... उलटी! झाकणाचीच झाली पाठ, आत लाल गादीची सीट. वर छप्पर नाही, काही नाही! व्हिडिओतला माणूस म्हणाला, पूर्वी ह्या सीटलाच डिकी म्हणायचे.

"थांबव! थांबव गो!" आजोबा उभेच राहिले. "हीच ती!"

श्रेयाने गॅलरीत बोंब ठोकली, "जगदीशकाका, आत्ताच्या आत्ता या!"

आणि नेमकी माझी बॅटरी तीन टक्के. चार्जरची पिन ढिली, वायर वाकडी धरून रबरबँड लावला तरच चार्ज होतो मी. रबरबँड सापडेना. "आलो आलो, चष्मा शोधतोय," काका तिकडून. दोन टक्के. अहो काका, डोक्यावरच असेल चष्मा, नेहमीसारखा! मी ब्राइटनेस उतरवला, लोकेशन बंद केलं, श्वास रोखून धरला. आज मी विझलो तर आजोबा परत थापाडेच. एक टक्का!

काकांनी बघितलं. आजीने बघितलं.

"बघ मेल्या," आजोबांनी माझ्या काचेवर बोट ठेवलं, "सीट असा की नाय?"

"आयला, आहे की! गणपतराव, म्हणजे हवा खरंच खाल्लीत तुम्ही!"

आजी पदराआडून म्हणाली, "मग मला कधी नेताय?"

"पुढे बसशील?"

"छट्! डिकीत!"

चाळ पुन्हा हसली, पण ह्या वेळी सगळ्यात जोरात आजोबा. आणि मी सुखाने बंद पडलो.

आता श्रेयाकडे नवा फोन आलाय. मला ती एक्स्चेंजला देणार होती, पण आजोबांनी उचलून बंडीच्या खिशात टाकलं. माझ्या फुटक्या काचेवर कायम तीच उघडी डिकी. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दर्शन होतं. काल टॅक्सी आली तर जगदीशकाका ओरडले, "गणपतराव, डिकीत एक जागा धरा आमच्यासाठी पण!"

तुमच्या घरी पण म्हाताऱ्यांची अशी एखादी थाप असेलच. हसायच्या आधी जरा शोधून बघा. फक्त त्याच्याही आधी, मला चार्जिंगला लावा रे!