निळेकाकांची काच

"केंद्रक हा पेशीचा राजा असतो," नव्या मॅडम शिकाऊ डॉक्टरांना गंभीरपणे सांगत होत्या. "पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी एकीच्या दोन व्हायचं, सगळे हुकूम तिथूनच सुटतात."

"त्या राजाला आधी आंघोळ घालावी लागते," बेसिनपाशी उभ्या असलेल्या निळेकाकांनी मान न वळवता सांगितलं. "आठ मिनिटं. नाहीतर तो दिसत नाही."

शिकाऊ डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना रुग्णालयात लागून सहाच आठवडे झाले होते.

निळेकाका एकतीस वर्षं त्या खोलीत होते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ त्यांच्याकडे यायची. तिचा तुकडा मेणात बसवायचा, केसापेक्षा पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवायचे आणि निळ्या रंगात बुडवायचे. तो रंग नेमका केंद्रकांना धरतो. केंद्रकांखालोखाल त्यानं काकांची बोटं धरली होती. त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

आठ मिनिटं मोजायला खोलीत गजराचं घड्याळ होतं. काकांनी ते कधी लावलं नाही. बरोबर अकराला विभागाच्या फोनवर त्यांच्या बायकोचा फोन येई. गॅसच्या सिलिंडरपासून निघून शेजारणीपर्यंत पोचायला तिला आठ मिनिटं लागत. शेजारीण आली की काका काचा बाहेर काढत. एकतीस वर्षांत शेजारणी तीन बदलल्या, वेळ बदलली नाही.

निवृत्तीला दोन दिवस उरले असताना ती बदलली.

"अहो, ऐकताय ना? धाकटीनं आज गवंडीच आणलाय. ओट्याच्या मधोमध भिंत घालणार म्हणे. शेगडी तिच्याकडे, नळ आपल्याकडे!"

"अगं, साधी पेशीसुद्धा वाटणीआधी सगळं सामान दुप्पट करून घेते. मग ते नीट झालंय का तपासते. नसेल झालं तर थांबते. सांग तिला."

"मी नाही सांगणार. म्हणेल, जाऊबाईंनी आता माझी पेशी काढली. आणि नाही थांबली तर?"

"पेशी? मग ती आमच्या विभागात येते."

"धाकटी हो! तिला कुठे पाठवू?"

धाकट्या भावाचं बोलणं झालं, गवंड्याचं झालं, सासूबाईंनी मरताना काय सांगितलं होतं तेही झालं. शेजारीण काही आली नाही. काकांनी घड्याळ पाहिलं तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. जादा रंग उतरवायला त्यांनी काचांना आम्लाची एक बुडी जास्त दिली आणि तबक पुढे पाठवलं. रोज ते प्रत्येक काच आधी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्या दिवशी बघितली नाही.

तीन वाजता काका दुसरं तबक घेऊन मॅडमच्या दारात पोचले, तेव्हा मॅडम फोन स्पीकरवर ठेवून मोठ्या सरांशी बोलत होत्या.

"सर, गर्भाशयाची गाठ आहे. बाकी सगळं काठावर आहे, आकड्यावर निकाल आहे. दहा जागी मिळून विभागणाऱ्या पेशी तेरा मोजल्या मी. तीनदा मोजल्या."

दहाच्या आत आकडा राहिला असता तर गाठ साधी होती. निघाली होती, विषय संपला होता. तेरा म्हणजे कर्करोग, पुन्हा ऑपरेशन, आणि त्यापुढचं सगळं.

"पेशंट बाई बाहेरच उभ्या आहेत, सर. काच जरा काळपट वाटतेय मला."

"कुणी केलीय?"

"निळेकाकांनी."

"मग काचेवर शंका नको, डोळ्यांवर घ्या. परवाच्या निरोपाच्या भाषणात माझं पहिलं वाक्यच ते आहे. एकतीस वर्षांत या माणसाची एक काच परत गेली नाही. तेरा म्हणजे तेरा. करा सही."

काकांना ते वाक्य आवडलं. दारात उभ्या उभ्या त्यांनी ते मनात एकदा पुन्हा म्हणूनही पाहिलं. मग त्यांना एकवीस मिनिटं आठवली.

"मॅडम, थांबा. जरा बघू?"

मॅडमनी पेन खाली ठेवून खुर्ची दिली. काका बराच वेळ वाकून होते.

"ही बघा. कडेनं केसाळ आहे, धागे दोन्हीकडे ओढले जातायत. ही खरी दोन होतेय. आता शेजारची बघा."

"तीही तेवढीच काळी आहे, काका."

"काळी आहे, पण गुळगुळीत. शाईचा थेंब नुसता. ती विभागत नाहीये, मेलीय. वाटणी चाललेल्या घरात पसारा असतो, मॅडम. मेलेलीचं घर आवरलेलं असतं."

"मग खऱ्या किती?"

"या काचेवरून मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. निम्म्या ठिकाणी पसारा की थेंब ते कळतच नाही. रंग जास्त बसलाय. काच चुकलीय."

"कोण म्हणतंय चुकलीय?" फोन अजून चालूच होता.

"मीच म्हणतोय, सर. एकवीस मिनिटं ठेवली मी."

"एकवीस? तुम्ही? अहो काका, भाषण छापून झालंय!"

"त्यात खाडाखोड करता येईल, सर. या काचेत नाही येणार."

मॅडमनी सही केली नाही. बाईंना उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच मेणाच्या वडीतून नवा काप काढला. अकराला फोन वाजला. काकांनी तो वाजू दिला आणि गजर आठ मिनिटांवर लावला. गजर झाला तेव्हा ते दचकले; एकतीस वर्षांत त्याचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. काच आधी स्वतः पाहिली, मग नेऊन दिली. मॅडमनी मोजायला घेतलं. काका त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

"चार," मॅडम म्हणाल्या. पुन्हा मोजलं. "चारच."

"साधी गाठ."

"साधी गाठ, काका."

निरोपसमारंभात मोठ्या सरांनी छापील वाक्यावर पेन्सिलीनं दुरुस्ती करून वाचलं. "एकतीस वर्षांत यांची एकच काच परत गेली, आणि ती यांनीच परत घेतली." टाळ्या पडल्या. नव्या मॅडमनी सगळ्यात उशिरा थांबवल्या.

त्याच दिवशी सकाळी विभागाच्या तक्रारवहीत एक नोंद झाली होती. 'गाठीचा अहवाल एक दिवस उशिरा मिळाला. दोनदा यावे लागले. बसायला खुर्चीही नव्हती.' खाली त्या बाईंची सही होती. त्याखाली 'जबाबदार कर्मचारी' असा रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय कारकून वही मिटेना. काकांनी सही केली. नोकरीतली त्यांची शेवटची सही तीच.