तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या शहरात राहायला येणाऱ्याला प्रत्येक जण सल्ला देतो. पाऊस न पडणाऱ्या या प्रदेशात तेवढी एकच गोष्ट मुबलक आहे. दुपारी दाराच्या पितळी कडीला उघडा हात लावू नये. जोडे घालण्यापूर्वी उलटे करून आपटावेत. विंचवालाही सावलीची आवड आपल्याइतकीच असते. घर पाहताना खोल्या मोजत बसू नये, गच्चीवरून वारा घरात खेचणाऱ्या मनोऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. उन्हाळ्यात सकाळी अंगण, दुपारी तळघर आणि संध्याकाळनंतर गच्ची, असा घरातल्या घरात मुक्काम हलवावा. तहान लागण्याची वाट पाहू नये. क्षितिज पिवळे पडले की वाळत घातलेले कपडे तसेच सोडून आधी खिडक्या लावाव्यात. हे सगळे सल्ले खरे आहेत. आमची माणसे सल्ला देताना खोटे बोलत नाहीत. तो कोणाच्या सोयीचा आहे, एवढेच सांगायचे राहून जाते.

माहलका खानमला यांतले बरेचसे सल्ले मीच दिले होते. ती रश्तची, म्हणजे समुद्राकाठच्या ओल्या, हिरव्या मुलखातली. नवरा वारल्यानंतर तिच्या छातीला तिथली दमट हवा सोसेना. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितले आणि तिने माझ्या भिंतीला लागून असलेले घर भाड्याने घेतले. एकुलती एक मुलगी लग्न होऊन रश्तमध्येच होती, तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला परत जायचे हे माहलकाने येण्यापूर्वीच ठरवलेले होते. इथे तिचे कोणी नव्हते. आमच्या मोहल्ल्याने ही गोष्ट तिच्या सामानाआधी टिपली.

तिला स्थिरस्थावर करण्याचा पुढाकार तूबा खानमने घेतला. तूबा समोरच्या घरात राहते, आणि गल्लीतल्या प्रत्येक चुलीवर काय शिजते आहे हे तिला वासावरून कळते.

"नळाच्या पाण्यानं केस धुऊ नका," ती माझ्यादेखत माहलकाला म्हणाली. "खारट आहे मेलं. महिन्याभरात डोक्याचं खरबूज होईल. पायाबात उतरा. आमच्या कारेझचं पाणी म्हणजे रेशीम."

कारेझ म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खोदत आणलेला पाण्याचा बोगदा. हे शहर त्याच्यावरच जगत आले. पायाब म्हणजे तळघराच्याही खाली, अंधारात त्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. सल्ला नेहमीप्रमाणे खराच होता. नळाचे पाणी खरोखर खारट आहे.

त्यानंतर मी एका ग्रंथालयाच्या कामासाठी तेहरानला गेले. परतले तेव्हा पहिली जाणीव झाली ती आवाजाची. गेली कित्येक वर्षे आमचे कारेझ आजाऱ्यासारखे कुजबुजत असे. आता तळघरात पाऊल ठेवताच खालून भरल्या घशाचा, संथ, समाधानी आवाज येत होता. गल्लीतल्या डाळिंबांना अवेळी फुले धरली होती. माणसे एकमेकांना मिठाई देत होती आणि मला पाहिले की बोलणे थांबवत होती.

माहलका माझ्याकडे आली तेव्हा तिचे केस ओले होते. आमच्याकडे चादर पिळून दोरीवर टाकेपर्यंत ती वाळते.

"उस्ताद खानम, हे वाळतच नाहीत," ती म्हणाली. "उन्हात बसले, पंख्याखाली बसले. आणि सकाळी उठते तेव्हा शेजारची उशी ओली असते. माझी नाही. शेजारची."

मी तिला चहा दिला आणि मी नसताना काय काय झाले ते विचारले.

"काही नाही हो. तूबा खानम बायकांना घेऊन आल्या होत्या. तबकात गहू, साखरेचा सुळका, पांढरं कापड. मी म्हटलं, नको, कशाला उगीच. त्या म्हणाल्या, आमच्या मोहल्ल्याचं आहे, मान्य करा. मी म्हटलं, लाजवू नका मला. मग त्या म्हणाल्या, नवरीसारखे आढेवेढे काय घेताय, मान्य आहे ना? मला हसूच आलं. मी म्हटलं, थोरामोठ्यांच्या परवानगीनं, मान्य. सगळ्या हसल्या. दाराबाहेर ते पाणी वाटणारे यदुल्ला मीराब उभे होते, ते तेवढे हसले नाहीत. ओठ हलत होते त्यांचे. मला वाटलं, जपमाळ ओढतायत."

आमच्या देशात सभ्य माणूस समोर आलेली वस्तू दोनदा नाकारतो आणि तिसऱ्यांदा घेतो. आमच्या देशात नवरीही दोनदा गप्प राहते आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर थोरामोठ्यांच्या परवानगीने होकार देते. हे दोन्ही शिष्टाचार लहानपणापासून आमच्या अंगात इतके मुरलेले असतात की एकाच्या आड दुसरा उभा करता येईल, हे कोणाच्या मनात येत नाही. ते मनात येण्यासाठी आमच्या मोहल्ल्यासारखे सुसंस्कृत मन लागते.

उरलेला भाग मला पाठ होता. धर्मशास्त्राचा इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले; मला उस्ताद म्हणतात ते त्यामुळेच. कारेझचे पाणी आटू लागले की जुनी माणसे म्हणत, तो पुरुष आहे, एकटा पडला आहे. मग एखाद्या विधवेचे त्याच्याशी लग्न लावीत. तिने त्याच्या पाण्यात स्नान करायचे, वेस ओलांडायची नाही, आणि गावाने तिला वर्षाचे धान्य द्यायचे. ग्रंथांत हा मजकूर लोकसमजुतींच्या प्रकरणात येतो, आणि भूतकाळात येतो. भूतकाळ वापरण्याची विद्वानांना फार घाई असते.

मी तिला सगळे सांगितले. तिने ओढणीच्या टोकाने केस पिळले.

"वाईट नाहीत ते," ती म्हणाली, आणि तिने वापरलेल्या आदरार्थी शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. "खाली पायरीवर बसले की पाणी पावलापाशी येऊन थांबतं. वर चढत नाही. पण माझी पोर नवव्या महिन्यात आहे. मला जायचंय."

ती दुसऱ्याच दिवशी बसने निघाली. शहराची वेस ओलांडताच तिची जीभ सुजली, ओठ तडकले, घशातून शब्द फुटेना. सोबतच्या प्रवाशांनी पाण्याच्या बाटल्या तिच्या तोंडाला लावल्या. पाणी आत जाई आणि तहान वाढे. भेदरलेल्या चालकाने तिला वेशीवर उतरवले. तूबा टॅक्सी घेऊन तिथे आधीच उभी होती. घरी आणून पायाबातले पाणी पाजताच माहलका शुद्धीवर आली. त्या संध्याकाळी गल्लीत पुन्हा मिठाई वाटली गेली.

मी यदुल्ला मीराबाच्या घरी गेले. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी सोडायचे हे ठरवण्याचा मान त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो ओट्यावर टरबुजाच्या बिया सोलत बसला होता.

"या, उस्ताद खानम. पायधूळ झाडलीत, आमचं घर उजळलं."

"जिला करार ठाऊक नाही तिची संमती म्हणजे संमती नव्हे," मी म्हणाले. "चारी सुन्नी मतांचे शास्त्रकार आणि आपले शियाही, सगळ्यांचं यावर एकमत आहे. हे लग्न रद्दबातल आहे."

"तिला विचारलं होतं. तीनदा."

"कशाबद्दल विचारतोय, ते सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असती का?" त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले, आणि बियांची ताटली माझ्यापुढे सरकवली.

"मग माझ्याकडे का नाही आलात? विधवा तर मीही आहे."

"तुम्हाला तीन भाऊ आहेत, खानम. त्यांतला एक वकील." त्याने साल थुंकली. "मासळीची डोकी खाणाऱ्यांच्या मुलखातून आलेली बाई. तिच्यासाठी कोण विचारायला येणार होतं? गल्लीत सगळ्यांच्या बागा सुकत होत्या. एका बाईनं जरा डोकं ओलं केलं तर कोणाचं काय बिघडतं?"

"तिला लेकीकडे जायचंय."

"मग आम्हाला कशाला सांगता? ज्याच्याशी लग्न लागलंय त्याला सांगा. उतरा खाली, शिकवा त्याला शास्त्र."

दारामागे येऊन उभ्या राहिलेल्या तूबाचे हसू ऐकू आले. मी उठले. माझ्यावर आजवर अनेक विनोद झाले आहेत; हा पहिलाच, ज्यातला सल्ला मला उपयोगी वाटला.

त्याच दुपारी माहलकाला घेऊन मी तिच्या पायाबात उतरले. वर ऊन पांढरे झाले होते. खाली हात दिसत नव्हता. शेवटच्या पायरीवर पाणी होते, आणि ते वाहत असूनही आमच्यासमोर उभे असल्यासारखे वाटत होते. मी दिवा लावला नाही. समोरच्या पक्षाला अवघडल्यासारखे होऊ नये, एवढे सौजन्य न्यायाधीशाकडे असावे.

मी रद्दबातलीचा मजकूर म्हटला, मूळ अरबीत, आणि नंतर आमच्या भाषेत. फसवणूक कशी झाली ते सांगितले. वधूला ठाऊक नव्हते. तिला मुलगी आहे, मुलीला मूल होणार आहे. वराने तिला जाऊ द्यावे, अशी विनंती केली. पढवलेल्या विद्यार्थिनीसारखी माहलका माझ्यामागून प्रत्येक वाक्य म्हणत होती. शेवटचे मात्र तिचे स्वतःचे होते.

"माझा तुमच्यावर राग नाही," ती अंधाराला म्हणाली. "तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं."

पाणी थांबले.

ते आटत गेले नाही, थबकले. इतकी वर्षे त्या आवाजाच्या छायेत जगल्यावर त्याचे नसणे कानांवर हातासारखे दाबून बसले. मग उतारावरून ओले कापड वर ओढून न्यावे तसा सरसर आवाज डोंगराच्या दिशेने दूर गेला. पायरीखाली नुसता गाळ उरला. वर गल्लीत दारे उघडली आणि कोणीतरी मीराबाच्या नावाने हाका मारू लागले.

"चल," मी म्हणाले. "आत्ताच."

माझ्या जुन्या गाडीत तिची एकच पिशवी टाकून आम्ही निघालो. वेस आली. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ते तडकले नाहीत. वेशीपलीकडे रस्त्याला समांतर कारेझच्या विहिरींची रांग जाते. मुंग्यांच्या वारुळांसारखी त्यांची तोंडे डोंगरापर्यंत वाळवंटात एकामागून एक उठलेली दिसतात. माहलकाने मला पहिल्याच विहिरीपाशी थांबायला सांगितले. ती खिडकीतून कान देऊन राहिली.

"इथेच आहेत," ती म्हणाली.

मलाही ऐकू येत होते. पुढच्या विहिरीपाशी गाडी हळू केली, तिथेही तोच आवाज. खोल, आमच्या बरोबरीने, चढाच्या दिशेने. मी गाडी दामटली तेव्हा तो मागे पडला; हळू केली तेव्हा पुन्हा बरोबरीला आला. पाणी चढ चढत नाही, हे मी शाळेत शिकले होते. तिला भीती वाटत नव्हती हे पाहून मला माझ्या भीतीची लाज वाटू लागली.

डोंगराच्या पायथ्याशी उत्तरेकडची बस थांबते. तिथून थोड्याच अंतरावर आईविहीर आहे, सगळ्यांत पहिली, सगळ्यांत खोल. कारेझ तिथे सुरू होते; त्यापलीकडे त्याची हद्द नाही. बस दिसू लागली होती. माहलका पिशवी घेऊन उतरली, पण आधी विहिरीकडे गेली. मी तिच्या मागे गेले, तिच्या ओढणीचे टोक मुठीत धरून.

आतून गार श्वासासारखी हवा वर आली. तिच्या कपाळावरचे केस हलले. खाली पाणी वाढत होते; भिंतीला लागून चढणारा त्याचा आवाज मी ऐकला आणि ओढणी अधिकच घट्ट धरली.

"बास, इथपर्यंत पुरे," ती खाली वाकून म्हणाली, दारापर्यंत पोचवायला आलेल्या घरधन्याला म्हणावे तसे. "पुढे येऊ नका. वेळ होईल तुम्हाला. जा आता."

आवाज थांबला. मी मनातल्या मनात सगळी शास्त्रे चाळली आणि त्यांत पुढचे पान सापडले नाही. बसचा भोंगा वाजला. माहलकाने केसांवरून हात फिरवला, तळहात पाहिला आणि मला दाखवला. तो कोरडा होता. ती बसमध्ये चढली. बस उत्तरेकडच्या वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. या वेळी बस थांबली नाही, परतली नाही.

मग विहिरीत काहीतरी हलले. पाणी उतरू लागले होते, चालत्या माणसाच्या गतीने, रमतगमत, आज घरी कोणी वाट पाहत नाही अशा बेताने. त्या गतीने शहरात पोचायला त्याला उद्याची दुपार झाली असती.

मी पोचले तेव्हा यदुल्ला मीराब माहलकाच्या दारात बसला होता. हातांना गाळ लागलेला होता. अर्धा मोहल्ला त्याच्याभोवती उभा होता. तूबाने डाळिंबाची सुकलेली फुले ओढणीत गोळा केली होती.

"खानम," मीराब उठून म्हणाला. आवाज पार बदललेला. "तुम्ही एवढं शिकलेल्या. त्याच्याशी बोललात. सांगा, येईल का तो? पोराबाळांची शपथ, एवढं तरी सांगा."

त्याने तीनदा विचारले. मी शेजारच्या माझ्या दाराचे कुलूप उघडले, आत गेले, आणि दार लावून घेतले.